जुन्या यंत्राचं सर्किट शोधताना, आणि सापडल्यावर

दुरुस्तीच्या नादाला नव्याने लागलेली मंडळी मला फोनवर एक फोटो पाठवतात. फोटोत रेडिओचा किंवा टेपरेकॉर्डरचा दर्शनी भाग, त्यावर कंपनीचं नाव ठळक अक्षरांत, आणि खाली प्रश्न: "याचं सर्किट नेटवर मिळेल का?" माझं उत्तर ठरलेलं असतं. मागचं झाकण उघडा आणि आतला फोटो पाठवा. दर्शनी भागावरच्या नावाने शोधून माझ्या हाती आजवर फारसं काही लागलेलं नाही. कामाला येतात ते आतले आकडे.

आधी कागद कोणता हवाय ते ठरवा

मॅन्युअल म्हणताना आपण तीन वेगळ्या कागदांची गल्लत करतो. पहिली, ग्राहकाला मिळायची ती पुस्तिका: बटणं कोणती, प्लग कुठे, "ओल्या हाताने स्पर्श करू नये" वगैरे. दुसरं, कंपनीने आपल्या मेकॅनिकांसाठी छापलेलं सर्व्हिस मॅन्युअल. त्यात सर्किट, जागोजागचे व्होल्टेज, अलाइनमेंटची (सेट नेमका जुळवून घ्यायची) पद्धत आणि पार्ट लिस्ट असते. तिसरा, नुसता सर्किटचा एक पानी कागद. दुरुस्तीला दुसरं किंवा तिसरं लागतं, पण सर्च केल्यावर सगळ्यात आधी पहिलीच समोर येते. म्हणून शोधताना "मॅन्युअल" हा शब्द एकटा वापरू नका. त्याच्या आधी "सर्व्हिस" लावा, किंवा "स्केमॅटिक" शोधा. अर्थात हे सगळं इंग्रजीत टाइप करून.

अमेरिकी आणि ब्रिटिश कागदांची भाषाही वेगळी असते. ट्रान्झिस्टरच्या आधी रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्यांना अमेरिकन माणूस ट्यूब म्हणतो, ब्रिटिश व्हॉल्व्ह. एकाच्या तोंडी स्केमॅटिक, तर दुसऱ्याच्या तोंडी सर्किट डायग्राम आणि सर्व्हिस शीट. अँटेनाला ब्रिटिश कागदात एरियल म्हणतात. आपल्याकडचे जुने रेडिओ बहुतेक ब्रिटिश आणि डच वळणाचे, त्यामुळे एका शब्दाने काही मिळालं नाही तर दुसरा टाकून बघा.

झाकण उघडताना

हा लेख कागदांबद्दल आहे, तरी इथे थांबणं भाग आहे. प्लग काढा. बटण बंद केलंय यावर समाधान मानू नका. काही व्हॉल्व्ह रेडिओंमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि लोखंडी चासी, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसवतात तो सांगाडा, थेट मेनला जोडलेली असते. व्हॉल्व्हचे नंबर इंग्रजी यू अक्षराने सुरू होत असतील, उदाहरणार्थ यूसीएच ८१, तर तो सेट याच जातीचा समजा. पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीत २० हजार व्होल्टच्या वर दाब तयार होतो आणि सेट बंद केल्यावरही ट्यूबमध्ये भार उरतो. स्विच मोड पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब बसलेला असू शकतो. आपल्याला फक्त वाचायचंय आणि फोटो काढायचेत. बोट कुठेही लावायची गरज नाही.

आता काय टिपायचं ते बघू. मागच्या झाकणावरचं लेबल: मॉडेल नंबर, सीरियल नंबर, व्होल्टेज. मग चासीवर ठोकलेला किंवा रंगाने छापलेला नंबर. मग सर्किट बोर्डाच्या कडेचा नंबर, जो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. टीव्हीच्या बाबतीत तर मॉडेलपेक्षा चासीचा नंबर मोलाचा असतो, कारण एकाच चासीवर कंपनी दहा कॅबिनेटं चढवून दहा नावांनी विकायची.

यानंतर आतल्या भागांची यादी करा. व्हॉल्व्ह सेट असेल तर सगळ्या व्हॉल्व्हचे नंबर क्रमाने लिहा. युरोपी पद्धतीत पहिलं अक्षर हीटरबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेबद्दल, सांगतं: ई म्हणजे ६.३ व्होल्ट, यू म्हणजे १०० मिलिअँपिअरची मालिका, पी म्हणजे ३०० मिलिअँपिअर (हे जुन्या टीव्हीत दिसतात), डी म्हणजे बॅटरीवरचे. ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० अशी ओळ सापडली तर तुमच्या हातात त्या काळातला अगदी ठरीव नकाशा आलेला आहे. त्याच ओळीवर बनवलेले कितीतरी सेट आहेत. ट्रान्झिस्टर रेडिओत एसी १२८, बीएफ १९४, बीएफ १९५ असे नंबर दिसतील. पुढच्या काळातल्या यंत्रांत आयसीचे, म्हणजे अनेक भाग एकात सामावणाऱ्या चिपचे, नंबर. हे सगळं एका कागदावर लिहून तारीख टाका. फोटो काढलाच असेल तर फ्लॅश बंद ठेवून, तिरप्या उजेडात पुन्हा काढा. आयसीवरची फिकट अक्षरं तिरप्या उजेडातच उठून दिसतात.

शोध लावताना

मॉडेल नंबर दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. मग तोच नंबर मधली आडवी रेघ काढून, मग मध्ये जागा सोडून. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय यांची अदलाबदल करून बघा, कारण अपलोड करणाऱ्यानेही लेबल तुमच्यासारखंच डोळे बारीक करून वाचलेलं असतं. फक्त पीडीएफ हव्या असतील तर गूगलमध्ये फाइलटाइप हा इंग्रजी शब्द, त्याला चिकटून कोलन आणि पीडीएफ असं लिहा. मॉडेलच्या शेवटची एक-दोन अक्षरं अनेकदा देश किंवा रंग दाखवतात. ती गाळून पाहिलं की कित्येकदा काम होतं.

कंपन्यांची नावं बदलतात, विकली जातात, आणि मॅन्युअल नव्या मालकाच्या घरी राहायला जातं. ह्युलेट-पॅकार्डची मोजमापाची यंत्रं घ्या. तो विभाग १९९९ मध्ये अॅजिलेंट झाला आणि २०१४ मध्ये त्यातून कीसाइट निघाली. म्हणून एचपीच्या जुन्या ऑसिलोस्कोपचं मॅन्युअल आज कीसाइटच्या साइटवर शोधायचं. नॅशनल सेमीकंडक्टरच्या आयसीचे कागद २०११ नंतर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे आले. फिलिप्सचा सेमीकंडक्टर विभाग २००६ मध्ये एनएक्सपी झाला. घरात "नॅशनल पॅनासोनिक" म्हणून ओळखला जाणारा टेप शोधताना पॅनासोनिक, नॅशनल आणि मात्सुशिता ही तिन्ही नावं चालवा.

भारतीय ब्रँडांसाठी सगळ्यात कामाची युक्ती हीच, फक्त उलट्या दिशेने. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता, पण मूळ मर्फी इंग्लंडमधल्या वेल्विन गार्डन सिटीची. टाटांची नेल्को म्हणजे आधीची नॅशनल एको. तिच्या नावातली एको ही साउथएंडची ब्रिटिश कंपनी. रंगीत टीव्हीच्या काळात बीपीएलचा हात सान्योच्या हातात होता, व्हिडिओकॉनचा तोशिबाच्या, आणि पुण्याच्या कल्याणी शार्पचं नावच सगळं सांगतं. भारतीय कंपनीच्या नावाने काही मिळालं नाही तर परदेशी भागीदाराच्या त्याच वर्षांच्या मॉडेलांचे कागद काढा आणि आतल्या आयसीची यादी ताडून बघा. यादी जुळली की बहुतेक काम झालं, मग कॅबिनेट कसंही असो.

कोणत्या दारावर जायचं

पहिलं दार इंटरनेट अर्काइव्हचं. ब्रूस्टर काहल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं हे ना-नफा ग्रंथालय. त्यात मॅन्युअलांचा प्रचंड साठा आहे आणि खातं न उघडताही तो बहुतेक उतरवता येतो. हा साठा काही आपोआप जमलेला नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्यात मॅन्युअल विकणारं एक जुनं दुकान २०१५ मध्ये बंद होत होतं आणि माल कचऱ्यात जाणार होता. अर्काइव्हच्या जेसन स्कॉट यांनी हाक दिली, स्वयंसेवक धावून आले आणि काही दिवसांत हजारो मॅन्युअल खोक्यांत भरून वाचवली. आपल्याकडेही असे ढीग रद्दीत जातात, फक्त हाक देणारं कुणी नसतं.

याच साइटचं वेबॅक मशीन विसरू नका. कंपनीची साइट बंद पडली असेल, पण तिच्या सपोर्ट पानाचा जुना पत्ता कुठे लिहिलेला सापडला, तर तो तिथे टाका. कधीकधी पानासकट पीडीएफही जपलेली निघते.

रेडिओसाठी रेडिओम्युझियम. स्वित्झर्लंडमधून चालणारी ही सूची जगभरच्या सेटांची आहे आणि भारतात बनलेले मर्फी, बुश, फिलिप्सही तिच्यात भेटतात. सर्किट तिथे मिळो न मिळो, फोटो आणि व्हॉल्व्हची यादी पाहून आपला सेट नक्की कोणता ते ठरतं. हॅम रेडिओवाल्यांसाठी, म्हणजे परवाना घेऊन हौसेने संदेश पाठवणाऱ्यांसाठी, बामा हा मॅन्युअलांचा साठा आहे. नावातला बी म्हणजे बोटअँकर: सेट इतके जड की होडीचा नांगर म्हणून टाकावेत! जुन्या रेडिओ मासिकांसाठी वर्ल्ड रेडिओ हिस्टरी, हायफाय अॅम्प्लिफायर आणि डेकसाठी हायफाय इंजिन, टेक्ट्रॉनिक्सच्या ऑसिलोस्कोपसाठी टेकविकी, जुन्या संगणकांसाठी अल कोसो यांचं बिटसेव्हर्स. टीव्ही आणि टेपच्या सर्व्हिस मॅन्युअलांसाठी इलेक्ट्रोतान्या या हंगेरियन साइटवर मला बरंच काही मिळालंय. तिथे थोडी वाट पाहायला लावतात, पण फाइल देतात.

वायरलेस काही असेल, म्हणजे कॉर्डलेस फोन, वॉकीटॉकी, राउटर, आणि ते अमेरिकेतही विकलं गेलं असेल, तर लेबलवर एफसीसी आयडी छापलेला असतो. तो अमेरिकी नियामकाच्या सार्वजनिक नोंदींत टाकला की वापरपुस्तिका आणि उघडलेल्या यंत्राचे फोटो मिळतात. सर्किट मात्र कंपनीने बहुधा गोपनीय ठेवलेलं असतं.

एक इशारा. "डाउनलोड" असं हिरवं मोठं बटण चार ठिकाणी असलेल्या साइटवर खरी फाइल पाचव्या, बारीक अक्षरांतल्या लिंकमध्ये असते. उतरवलेल्या फाइलच्या शेवटी ईएक्सई दिसलं तर उघडू नका, तडक उडवा. पीडीएफ, झिप आणि डेजाव्हू एवढेच प्रकार ठीक. कार्ड नंबर मागून "मोफत" मॅन्युअल देणाऱ्यांकडे तर वळूच नका. अर्काइव्हवर फुकट असलेली फाइल विकणारेही आहेत, तेव्हा पैसे देण्याआधी दहा मिनिटं शोधा.

सापडलंच नाही तर

आयसीच्या डेटाशीटकडे, म्हणजे आयसी बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकाकडे, जा. पूर्वीच्या डेटाशीटमध्ये शेवटी एक नमुना सर्किट असायचं आणि लहान कंपन्यांचे डिझायनर ते जवळजवळ जसंच्या तसं उचलायचे. टीडीए २०३० या आयसीवर बनलेला कुठलाही देशी अॅम्प्लिफायर उघडा, त्यात डेटाशीटच दिसेल. टीए ७६९८ हा तोशिबाचा आयसी घातलेल्या टीव्हीची कथा तीच. एका ब्रँडचं सर्किट घेऊन दुसऱ्या ब्रँडचा सेट दुरुस्त करता येतो, फक्त भागांचे क्रमांक जुळत नाहीत.

दुसरी वाट पायी चालायची आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ एक असं दुकान, जिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतात पण काउंटरमागे तीस वर्षांपूर्वीचं सोल्डरिंग अजून आहे. तिथल्या काकांना विचारा. एकदम "मॅन्युअल आहे का" म्हणू नका, तसं विचारलं की "नाही हो, सगळं गेलं" हेच उत्तर येतं. सेट घेऊन जा, उघडून दाखवा, आणि त्यांना बोलू द्या. सातारा जिल्ह्यातल्या एका गावी असाच बसलो होतो. दुसरा चहा झाल्यावर काकांनी स्टुलावर चढून माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. आत कंपन्यांनी डीलरांना दिलेल्या सर्व्हिस शीटांची गड्डी होती, काही कोपऱ्यांना उंदरांनी प्रसाद घेतलेला. त्यातल्या निम्म्यांहून जास्त आजही मला नेटवर दिसलेल्या नाहीत. म्हणजे आपल्या देशी सेटांचे कागद नेटवर नसले तरी ते हरवलेले नाहीत. कुणी स्कॅन केले नाहीत, एवढंच.

आणि काहीच मिळालं नाही, तर स्वतः काढा. बोर्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, ट्रॅकच्या बाजूचा फोटो आरशासारखा उलटवून दुसऱ्यावर ठेवा, आणि पॉवर सप्लायपासून सुरुवात करा. दोन-तीन रविवार जातील.

फाइल उतरवल्यावर

लगेच शेवटचं पान बघा. सर्किट घडीच्या मोठ्या पानावर असतं आणि आळशी स्कॅनिंगमध्ये नेमकं तेच पान अर्धं कापलेलं असतं. मग फाइलचं नाव बदला. आकड्यांची माळ असलेलं मूळ नाव पुढच्या वर्षी तुम्हालाच ओळखू येणार नाही. कंपनी, मॉडेल, कागदाचा प्रकार, वर्ष, या क्रमाने रोमन लिपीत लिहा. मराठी नाव वर्णनात चालेल, पण फाइलचं नाव शोधणारा जगात कुठेही बसलेला असू शकतो.

"नेटवर आहेच की, लागेल तेव्हा घेऊ" असं म्हणू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द इंटरनेट अर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि साइट काही दिवस बंद होती. तीन प्रती ठेवा: एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर, मग ती क्लाउडवर असो की भावाच्या घरी.

कागद हाती आला तर

माळ्यावरचा कागद पावसाळ्यात काढू नका आणि काढलाच तर लगेच उलगडू नका. एक दिवस कोरड्या खोलीत, पंख्याखाली नव्हे, नुसता ठेवा. गंजलेल्या पिना ओढायच्या नाहीत. मागचे पाय सपाट करून हळू सोडवायच्या. फाटलेल्या घडीला सेलोटेप लावणं म्हणजे दहा वर्षांनी तिथे पिवळा चिकट पट्टा मागणं. जांभळ्या किंवा निळ्या रेघांचे अमोनिया प्रिंट उन्हात उडतात, ते सगळ्यात आधी स्कॅन करा. झेरॉक्स प्रती मऊ पीव्हीसीच्या पिशवीत ठेवल्या की शाई प्लास्टिकला चिकटते. साधा कागदी लिफाफा बरा.

स्कॅनिंगला मजकूर ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) चालतो, सर्किट मात्र ६०० वर करा. कारण दशांश चिन्ह. ४.७ मधला टिंब गेला की रेझिस्टर दहापट होतो. नकलांत टिंब हरवतो म्हणूनच तर ब्रिटिश-युरोपी कागदांत ४के७ असं लिहायची पद्धत रुजली. स्कॅन ग्रे मोडमध्ये करा, नुसत्या काळ्या-पांढऱ्यात नाही. पिवळ्या कागदावरच्या बारीक रेघा काळ्या-पांढऱ्यात तुटतात. रंगीत रेघा असतील तर अर्थातच रंगीत. मूळ प्रत टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा, वाटायला पीडीएफ करा.

फाइल लहान करण्याचा मोह फार असतो, त्यावर एक गोष्ट ऐका. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिसेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅन यंत्रं नकाशातले आकडेच बदलतायत, सहाचा आठ करतायत. पान पुसट झालं नव्हतं, चांगलं स्वच्छ दिसत होतं, फक्त आकडा चुकीचा! जेबिग टू नावाच्या दाबण्याच्या पद्धतीत एकसारखी दिसणारी अक्षरं एकच मानली जात होती. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली, पण पार्ट लिस्टमध्ये असं झालं तर पकडणार कोण? म्हणून "हाय कॉम्प्रेशन" हा पर्याय बंद ठेवा आणि स्कॅन झाल्यावर दहा किमती मूळ कागदाशी ताडा.

घडीचं पान स्कॅनरवर मावत नसेल तर तुकड्यांत घ्या, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर तीन बोटं चढलेला, आणि ह्यूजिन या मोफत प्रोग्रॅमने जोडा. स्कॅनटेलरने पानं सरळ होतात. मजकूर शोधता यावा म्हणून टेसरॅक्ट वापरा. त्याला मराठीही येतं, आणि मराठीत छापलेल्या वापरपुस्तिका असतील तर ते जरूर करा, त्या फार कमी राहिल्यात. स्कॅनर नसला तर फोन चालेल, पण स्कॅनर अॅपने नाही. ते अॅप पान "छान" करण्याच्या नादात फिकट रेघा खाऊन टाकतं. कागदावर काच ठेवा, खिडकीजवळ उजेडात, फोन वर आडवा समांतर धरा, साधा कॅमेरा वापरा.

मेकॅनिकने पेन्सिलीने लिहिलेलं काही असेल ("आर १२ बदला, मूळ जळतो") तर पुसू नका, स्कॅनमध्ये साफही करू नका. मूळ छपाईइतकंच ते कामाचं आहे.

अपलोड

आधी हक्काचं बघू. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाचं नाव नसलेल्या प्रकाशित मजकुराचं संरक्षण, पुढेही लेखक उघड झाला नाही तर, प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतं; म्हणजे १९६२ ची निनावी सर्व्हिस शीट २०२३ च्या सुरुवातीला मोकळी झाली. त्यानंतरच्या कागदांबाबत कंपनी हयात असेल तर एक ईमेल करून विचारा. हयात असलेल्या कंपनीने हरकत घेतली तर फाइल काढा, वाद घालू नका. आणि काही झालं तरी विकू नका.

अर्काइव्हवर चढवताना पानाच्या पत्त्यात जाणारं ओळखनाव पहिल्याच वेळी नीट लिहा, ते पुढे बदलता येत नाही. वर्णनात कंपनी, मॉडेल, चासी नंबर, वर्ष, पानांची संख्या आणि व्हॉल्व्ह किंवा आयसीची पूर्ण यादी टाका. ती यादी फार महत्त्वाची. उद्या दुसऱ्या कुणाचं लेबल फाटलेलं असेल तेव्हा तो आयसीच्या नंबरावरूनच तुमच्यापर्यंत पोहोचेल. पानं हरवली असतील तर तसं लिहा. वॉरंटी कार्डावर मूळ ग्राहकाचं नाव-पत्ता असतो, तो झाका. दुकानाचा शिक्का राहू द्या.

कागद ज्या काकांकडून आणला त्यांना तो परत नेऊन द्या, सोबत एक स्वच्छ प्रिंट. आणि एक प्रिंट घडी करून लिफाफ्यात घाला, सेटच्या कॅबिनेटमध्ये आतल्या बाजूला, गरम होणाऱ्या भागांपासून लांब, चिकटवून टाका. जुने कारखानेही कित्येकदा सर्किट तिथेच चिकटवायचे.